२९ विरुद्ध ७ : लोकशाहीत कायम हरणाऱ्यांचं काय?

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाचीला तिकडचं नागरिकत्व मिळालं. शपथ घेतानाचा फोटो आला, पेढे आम्ही इथे बडोद्यात वाटले. पंधरा दिवसांनी तिचा फोन. मतदार म्हणून नाव नोंदवून झालं होतं आणि डोक्यात किडा शिरला होता. "मामा, बडोद्यात होते तेव्हा मी मराठी होते. इथे मी ब्राउन. म्हणजे दोन्हीकडे थोड्यांतलीच. मग थोड्यांच्या दृष्टीनं बरी पद्धत कुठली? आपली पंतप्रधानांची, की इथली अध्यक्षांची?"

मी तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. फळ्यावर मधोमध रेघ मारायची, डावीकडे संसदीय, उजवीकडे अध्यक्षीय, आणि खाली गुण-दोष. मुलं उतरवून घ्यायची, पेपरात तसंच लिहायची, पाचपैकी चार गुण मिळायचे. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन रकान्यांत कुठेच नव्हतं, हे मला फोन ठेवल्यावर लक्षात आलं. तिला म्हटलं होतं, लिहून पाठवतो. ते हे.

सुरुवात आमच्या सोसायटीपासून करतो, कारण तिचं बालपण तिथेच गेलंय.

सोसायटीत ३६ टेनामेंट, त्यांत मराठी घरं सात. बोअरची मोटर नवी घ्यायची की जुनीच बांधून आणायची, यावर एकदा मतं घेतली. १९ विरुद्ध १७. एकोणिसात चार मराठी, सतरात तीन. पुढच्या वर्षी वॉचमनच्या पगाराचा विषय निघाला तेव्हा गट पार उलटेपालटे झाले. मोटरच्या वेळी हरलेले पगाराच्या वेळी जिंकले. हरलेल्याला वाईट वाटतं, पण धास्ती वाटत नाही, कारण डाव पुन्हा मांडला जाणार असतो.

शरद पौर्णिमेचं तसं नाही. आमची कोजागिरी, म्हणजे आटीव दूध, चंद्र, आणि कुणी पेटी काढलीच तर चार नाट्यपदं. शेजाऱ्यांची शरदपूनम, म्हणजे दूधपौंआ, गरबा, आणि माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर. कॉमन प्लॉट एकच. मत घेतलं की २९ विरुद्ध ७. दर वर्षी. मतं मोजायला माणूस लागत नाही, गेटवरची नावांची पाटी वाचली की निकाल कळतो. (खरं सांगायचं तर दहा वाजल्यावर आमची पोरंही गरब्यातच असतात. ते जाऊ दे.)

आता बघ, दोन्ही वेळा आम्ही हात वर करूनच मत दिलं. दोन्ही वेळा बहुमतच जिंकलं. पण १९ चं बहुमत त्या दिवशी जमलं होतं, २९ चं बहुमत जन्मतःच तयार होतं. लोकशाहीचा सगळा हिशोब पहिल्या प्रकारच्या बहुमतावर बसवलेला आहे. दुसऱ्या प्रकारचं बहुमत समोर आलं की तो हिशोब चुकायला लागतो.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. १९४७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं संविधान सभेसाठी एक निवेदन तयार केलं. 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या विषयावरच्या त्या निवेदनात त्यांचा मुद्दा नेमका हा होता. इंग्लंडमधलं बहुमत राजकीय असतं, ते बनतं आणि मोडतं, त्यात कुणीही आत येऊ शकतो. भारतातलं बहुमत जमातीचं आहे, ते जन्मानं ठरतं, आणि बाहेरच्याला त्यात दार नाही. अशा देशात जिंकलेल्या पक्षाचं मंत्रिमंडळ ही इंग्रजी पद्धत जशीच्या तशी आणली, तर एकाच समूहाच्या हाती कायमची सत्ता जाईल. म्हणून त्यांनी सुचवलं की मंत्रिमंडळ मुदतीच्या आधी पाडता येऊ नये. पंतप्रधान सगळ्या सभागृहानं निवडावा. आणि मंत्रिमंडळातले अल्पसंख्याकांचे मंत्री त्या त्या अल्पसंख्याक समाजाच्या सदस्यांनी निवडून द्यावेत. म्हणजे अल्पसंख्याकाला खुर्ची मिळेल, आणि ती बहुसंख्याकाच्या मेहेरबानीवर टिकून राहणार नाही.

मेहेरबानी म्हणजे काय, हे त्यांना बडोद्यानंच शिकवलं होतं. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि १९१७ मध्ये करारानुसार नोकरीसाठी इथे आले. राजा असा की अस्पृश्यांच्या मुलांसाठी त्यानं स्वतः शाळा काढल्या. पण त्याच राजाच्या शहरात या अधिकाऱ्याला भाड्यानं खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत ते नाव बदलून राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले. लहानपणी तू जिथे छोट्या आगगाडीत बसायला हट्ट करायचीस, तीच बाग. भल्या राजाचा हात शिष्यवृत्तीपर्यंत पोचला, धर्मशाळेच्या दारापर्यंत पोचला नाही.

ती १९४७ ची योजना घटनेत आली नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना त्यांनीच संसदीय पद्धतीची बाजू घेतली. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, आणि सरकारला रोज जाब विचारता येणं जास्त मोलाचं, असा तो युक्तिवाद होता. पण त्याच भाषणात त्यांनी हेही बजावलं की अल्पसंख्याकांचं अस्तित्वच नाकारणं ही बहुसंख्याकांची चूक, आणि अल्पसंख्याकांनी कायम वेगळंच राहायचं ठरवणं हीसुद्धा चूक.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो.

फळ्यावरचे दोन रकाने पुसून टाक आणि बडोद्याचा जुना जकात नाका आठव. तू फार लहान होतीस, पण ट्रकांची रांग आठवत असेल. संसदीय पद्धतीत कायद्याच्या गाडीला खरा नाका एकच असतो : लोकसभेत किंवा हाउस ऑफ कॉमन्समध्ये बहुमत आहे की नाही. ते असलं की सरकारही त्याच पक्षाचं, कायदाही त्याच पक्षाचा, गाडी सुसाट. अमेरिकेत नाके चार-पाच : प्रतिनिधीगृह, सेनेट, अध्यक्षांची सही, वर न्यायालय, आणि जोडीला ५० राज्यांची आपापली सरकारं. कुठल्याही एका नाक्यावर गाडी अडवता येते.

ऐकताना वाटतं, मग थोड्यांना अमेरिकाच बरी. जितके नाके तितकी वाईट कायदा अडवण्याची संधी. मीही वर्गात असंच सांगत आलो.

पण नाक्यावर कोण बसलंय, हे मी कधी सांगितलं नाही. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, १८७० मध्ये पंधराव्या दुरुस्तीनं वंशावरून मत नाकारायला बंदी झाली. आपल्या जोतिबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं ते याच उमेदीच्या काळात. पुढे दक्षिणेत काळ्या माणसांना जमावानं फासावर लटकवण्याचे प्रकार माजले, तेव्हा त्याविरुद्ध केंद्राचा कायदा करणारं विधेयक १९२२ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं. सेनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी बोलत राहून ते मारलं. तिथे भाषण थांबवायलाच दोन-तृतीयांश मतं लागायची, त्यामुळे मूठभर लोक नुसते बोलत राहिले तरी विधेयक मरायचं. असा कायदा शेवटी २०२२ मध्ये झाला. बरोबर शंभर वर्षांनी. १९६४ चा नागरी हक्क कायदासुद्धा सेनेटमध्ये कामकाजाचे ६० दिवस अडून होता. १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा थांबवली, तेव्हा कुठे गाडी हलली.

गंमत अशी की हे नाके 'अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी'च हवेत, असं सगळ्यांत हिरिरीनं मांडणारा माणूस होता एकोणिसाव्या शतकातला, दक्षिण कॅरोलिनाचा पुढारी जॉन कॅलहून. प्रत्येक मोठ्या हितसंबंधाची वेगळी संमती असल्याशिवाय कायदा होऊ नये, असा त्याचा सिद्धान्त. ऐकायला किती शहाणपणाचं! त्याच्या मनातला अल्पसंख्याक म्हणजे गुलाम पाळणारे जमीनदार. देशात ते थोडेच होते, हेही खरंच. गुलाम मात्र त्याच्या हिशोबात कुणाचाच पक्ष नव्हता.

म्हणजे नाके जे आहे ते टिकवतात. चांगलं असेल तर चांगलं, आणि अन्याय चालू असेल तर अन्याय.

मग एकच नाका बरा? १९६८ चा इंग्लंड बघ. आपल्या गुजरातेतल्या चरोतर भागातली किती घरं केनिया-युगांडात होती, तुला सांगायला नको. तुझ्या शाळेतल्या निम्म्या पटेल मुलींचे कुणी ना कुणी नैरोबीत नाहीतर कंपालात होते. केनिया स्वतंत्र झाल्यावर यांतल्या अनेकांनी ब्रिटिश पासपोर्ट ठेवला. तिथे धंदे करणं अवघड व्हायला लागलं तसे ते इंग्लंडकडे निघाले. तिथल्या मजूर पक्षाच्या सरकारनं फेब्रुवारी १९६८ च्या अखेरीस कायदा आणला आणि तीन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार केला. ब्रिटिश पासपोर्ट असला तरी स्वतः, किंवा आई-वडील, आजी-आजोबांपैकी कुणी तिथे जन्मलेलं वगैरे असेल तरच बेधडक प्रवेश, नाहीतर परवाना घेऊन रांगेत या. कायद्यात कातडीच्या रंगाचा शब्द नाही. पण लंडनमध्ये जन्मलेली आजी कुणाला असणार आणि कुणाला नसणार, हे कळायला शास्त्रज्ञ लागत नाही. न्यायालयाला तो कायदा रद्द करता येत नव्हता, कारण तिथे संसदेच्या वर कुणी नाही. पुढे १९७३ मध्ये युरोपच्या मानवी हक्क आयोगानं ठरवलं की असा वंशभेद ही माणसाला हीन लेखणारी वागणूक ठरते. पण तोवर पाच वर्षं गेली होती.

आणि गंमत, त्याच संसदेनं, त्याच वर्षी, घर आणि नोकरी देताना वंशभेद करायला बंदी घालणारा कायदाही केला. तोही कुणी साठ-साठ दिवस अडवला नाही. एक नाका म्हणजे वेग. वाईटही झटपट, चांगलंही झटपट.

न्यूझीलंडमध्येही असाच वेग आहे. सभागृह एकच, एकत्रित लिखित घटना नाही, पाठ्यपुस्तकाच्या हिशोबानं अल्पसंख्याकांसाठी धोकादायक रचना. तरी १८६७ पासून माओरींच्या राखीव जागा आहेत, आता सात. गोऱ्यांनी त्या दिल्या तेव्हा हेतू फार उदात्त होता असं नाही, आणि शतकभर त्या चारच ठेवल्या. पण टिकल्या. उलट माओरींसाठीचं वेगळं आरोग्य प्राधिकरण २०२२ मध्ये सुरू झालं आणि २०२४ मध्ये नव्या सरकारनं तातडीचा ठराव लावून ते बंद करणारा कायदा केला.

आता तू म्हणशील, मग वेग राहू दे, पण महत्त्वाच्या हक्कांना कुलूप लावा. घटनेत लिहा, आणि बदलायला जास्त मतं लागतील असं करा. आमच्या सोसायटीतही एका काकांनी हेच सुचवलं होतं : कोजागिरीच्या रात्री साडेदहानंतर स्पीकर बंद, आणि हा नियम बदलायला तीन-चतुर्थांश मतं लागतील. सगळे खूश. मी कागदावर आकडेमोड केली. ३६ चे तीन-चतुर्थांश २७. आणि ते लोक २९.

हे गणित फार कमी लोक करतात. बहुसंख्याक जर ८० टक्के असतील तर दोन-तृतीयांश काय आणि तीन-चतुर्थांश काय, ते कुलूप त्यांना हातानंच उघडतं. कुलूप कामाचं ठरायला दोन गोष्टींपैकी एक लागते : जन्मानं जमलेल्या लोकांत त्या विषयावर फूट असणं, नाहीतर दुसरी किल्ली दुसऱ्याच कुणाकडे असणं.

आणि दुसरी किल्ली दिली तरी पुरतं असं नाही. दक्षिण आफ्रिकेची गोष्ट मी वर्गात नेहमी टाळायचो, कारण तिला पूर्ण तास लागतो. पण तुला ती माहीत असायला हवी.

१९१० मध्ये दक्षिण आफ्रिका एक झाली तेव्हा राज्यपद्धत थेट लंडनची उचललेली. मुख्यतः केप प्रांतात काळ्या आणि मिश्रवंशीय पुरुषांना, शिक्षण-मालमत्तेची अट पुरी केली तर, मत होतं. ते काढून घेऊ नये म्हणून घटनेत कुलूप लावलं : दोन्ही सभागृहांनी एकत्र बसून दोन-तृतीयांश मतांनी मंजूर केलं तरच बदल. १९३६ मध्ये काळ्यांची नावं सर्वसाधारण मतदार यादीतून काढायची होती. तेवढी मतं सहज मिळाली आणि कुलूप रीतसर उघडलं गेलं. ८० टक्क्यांचं गणित, दुसरं काय.

१९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली. मतं विरोधी पक्षाला जास्त होती, जागा यांना जास्त मिळाल्या, कारण ग्रामीण मतदारसंघ लहान होते. वर्णभेद ज्या 'बहुमतानं' आणला, ते मतदान करणाऱ्या लोकांचंसुद्धा बहुमत नव्हतं. आता यांना मिश्रवंशीयांचं मत काढायचं होतं, आणि दोन-तृतीयांश जवळ नव्हते. १९५१ मध्ये त्यांनी साध्या बहुमतानंच कायदा केला. १९५२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं तो एकमतानं रद्द ठरवला. सरकारनं काय करावं? संसदेलाच 'उच्च न्यायालय' म्हणून घोषित करणारा कायदा केला, म्हणजे आमच्या कायद्याचा निवाडा आम्हीच करणार. न्यायालयानं तोही उडवला.

मग कुलूप फोडायचा नाद सोडून त्यांनी चौकटच मोठी करायला घेतली. अपील न्यायालयात न्यायाधीश वाढवून ११ केले. सेनेटचे सदस्य ४८ होते, ते ८९ केले, आणि नेमणुकीचे नियम असे ठेवले की वाढीव बहुतेक आपलेच. १९५६ मध्ये एकत्र बैठक, दोन-तृतीयांश पक्के, कायदा मंजूर. नव्या न्यायालयानं १० विरुद्ध १ असा तो वैध ठरवला. विरोधात मत दिलेल्या त्या एका न्यायाधीशाचं नाव श्राइनर. प्रत्येक पायरी कागदोपत्री कायदेशीर होती, हे मला अजूनही सगळ्यांत भीतीदायक वाटतं.

म्हणून कुठल्याही देशाची घटना वाचताना मी आता हक्कांचं प्रकरण सगळ्यांत शेवटी वाचतो. आधी बघतो, न्यायाधीश किती आणि ती संख्या बदलतं कोण, वरच्या सभागृहात माणसं येतात कुठून.

उलट टोकाचं उदाहरण सायप्रसचं. १९६० च्या घटनेत अध्यक्ष ग्रीक, उपाध्यक्ष तुर्क, दोघांनाही नकाराधिकार, करांच्या कायद्याला दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींचं वेगवेगळं बहुमत. १९६३ च्या डिसेंबरात सगळं कोसळलं. आम्हा सात घरांना प्रत्येक ठरावावर नकाराधिकार दिला असता तर बोअरची मोटर आजही बंदच राहिली असती, हे मी कबूल करतो.

आता सरकार कुठलंही असो, त्याआधी एक गोष्ट येते, आणि टीव्हीवर तिच्याविषयी कधी कुणी बोलत नाही. मतं मोजायची कशी?

आमच्या महानगरपालिकेच्या २०२१ च्या निवडणुकीत १९ वॉर्ड, प्रत्येकात चार कॉर्पोरेटर, एकूण ७६. प्रत्येक मतदाराला चार मतं. पॅनल उभं राहतं आणि लोक पॅनललाच मत देतात. समज, एका वॉर्डात १०,००० मतदार, त्यांत ६,५०० एका विचाराचे आणि ३,५०० दुसऱ्या. चारपैकी थोड्यांना किती जागा मिळाव्यात? सरळ विचार केला तर एक तरी. मिळतात शून्य, कारण ६,५०० लोक आपल्या चारही उमेदवारांना मत देतात आणि चारही जागा तिकडेच जातात. त्याच वॉर्डाचे चार तुकडे केले आणि ३,५०० पैकी बरेच जण एकाच बाजूला राहत असले, आपला दांडिया बाजार समज, तर एक जागा त्यांना मिळते. आणि मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा वाटल्या तर कुठेही राहिले तरी एक मिळते.

अमेरिकेच्या दक्षिणेत हे ज्ञान फार लवकर पोचलं. अलाबामातल्या मोबील शहरात १९११ पासून तीन आयुक्त, तिघेही सगळ्या शहरानं निवडायचे. शहरात तिसरा हिस्सा लोक काळे, आणि सत्तरएक वर्षांत एकही काळा आयुक्त नाही. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर तर तिथे काळ्यांच्या मतदानाला बंदीही नव्हती. (या कायद्याची ताकद बघायची तर मिसिसिपी बघ : आधी काळ्यांपैकी सुमारे ७ टक्के लोकांचं नाव यादीत होतं, १९६७ मध्ये जवळजवळ ६० टक्के.) मत होतं, फक्त ते कधी जिंकत नव्हतं. १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, असं करण्यामागे भेदभावाचा हेतू होता हे सिद्ध करा. हेतू कागदावर कोण लिहून ठेवतो? १९८२ मध्ये संसदेनं कायदा बदलला, की परिणाम भेदभावाचा दिसला तरी पुरे. मोबीलनं पुढे विभागवार निवडणूक स्वीकारली.

विभाग केले म्हणजे सुटलो असंही नाही. अलाबामातच टस्कीगी गावाची हद्द १९५७ मध्ये नव्यानं आखली. चौकोनी गावाची २८ बाजूंची आकृती झाली, आणि सुमारे ४०० काळ्या मतदारांपैकी चार-पाच वगळता सगळे गावाबाहेर. गोरा मतदार एकही बाहेर गेला नाही. नकाशा काढणाऱ्याच्या हाताला काय कंप सुटला असेल! १९६० मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो रद्द झाला.

रेषेवरून आठवलं. ३० एप्रिल १९६० पर्यंत बडोद्याचा मराठी माणूस मुंबई राज्यात राहत होता, जिथे मराठी बोलणारे काही थोडके नव्हते. १ मे ला सकाळी त्यानं तोच ओटा झाडला, त्याच नळाचं पाणी भरलं, पण तो भाषिक अल्पसंख्याक झालेला होता. तो हलला नाही, रेष हलली. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी ठरवलं की अल्पसंख्याक कोण, हे राज्यागणिक बघायचं. त्यामुळे मी इथे अल्पसंख्याक, आणि सकाळच्या गाडीनं नंदुरबारला उतरलो की बहुसंख्याक. तिकीट फार महाग नाही.

आपल्या घटनेनं जे दिलंय ते तुला ठाऊकच आहे : धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून सरकारनं भेद करायचा नाही हे कलम १५, आपली भाषा आणि शाळा सांभाळायचा हक्क २९ आणि ३० मध्ये, मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय ३५०-क मध्ये. वंशावरून ज्याची व्याख्याच घटनेत आहे असा समाज म्हणजे अँग्लो-इंडियन. ते इतके विखुरलेले की कुठल्याही मतदारसंघात जिंकणं अशक्य, म्हणून लोकसभेत राष्ट्रपतींना त्यांचे दोनपर्यंत सदस्य नेमता येत. सोय दहा वर्षांची होती, दर वेळी वाढवत गेले. जानेवारी २०२० मध्ये वाढवली नाही, आणि ती संपली. रस्त्यावर कुणी आलं नाही. येण्याइतके ते नव्हतेच.

तुझ्या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर हवं असेल तर माझं मत असं : पंतप्रधान की अध्यक्ष, यानं वेग ठरतो, दिशा ठरत नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद संसदीय पद्धतीनं रीतसर आणला. १९९४ मध्ये तो संपवतानाही प्रमुखाला संसदेनंच निवडायचं ठेवलं, फक्त मतं प्रमाणात मोजली, वेगळं घटना-न्यायालय नेमलं, आणि पहिली पाच वर्षं ४०० पैकी २० जागा मिळवणाऱ्या प्रत्येक पक्षाला मंत्रिमंडळात जागेचा हक्क दिला. पद्धत नावाला जवळजवळ तीच, आतले स्क्रू वेगळे. आणि बघ, या वेळी संरक्षण मागणारे अल्पसंख्याक गोरे होते. आंबेडकरांची १९४७ ची सूचना वाचलेल्या माणसाला ती मंत्रिमंडळाची अट ओळखीची वाटते.

एवढं लिहून मी तिला पाठवलं. दोन दिवस काही नाही. मग व्हॉट्सॲपवर एक फोटो आला, तिच्या गावातल्या शाळा मंडळाच्या निवडणुकीची नमुना मतपत्रिका. जागा तीन. वर सूचना, कोणत्याही तिघांना मत द्या. सगळ्या गावाची एकच यादी. खाली तिनं लिहिलं होतं, "मामा, हे पॅनलच ना?"

मी लिहिलं, "हो. गावाचा नकाशा पाठव."